जुन्या बोलेरो-जीपचे पुढचे ब्रेक सुधारायचेत? मग या क्रमानं जावा

भावांनो, कोल्हापुरात जुनी गाडी जिवापाड सांभाळणाऱ्यांची काही कमी नाही. कुणाच्या शेडमध्ये वडिलांच्या काळातली महिंद्राची एमएम ५४० जीप उभी असते, कुणी जुनी बोलेरो अजून शेतावर आणि कोकणात दोन्हीकडं पळवतंय, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, इंजिन अजून ठणठणीत आहे पण ब्रेकला दम नाही, पुढं मोठी डिस्क टाकू का. माझं मत आधीच सांगून टाकतो. ब्रेक लागत नाही म्हणून ज्या गाड्या गॅरेजला येतात त्यातल्या बऱ्याच गाड्यांना मोठ्या ब्रेकची गरजच नसते, आहे तोच ब्रेक निम्मा मेलेला असतोय. म्हणून आधी आहे ते शंभर टक्के चालू करा, मग पॅड, होज (ब्रेक ऑइलचा लवचिक पाइप) आणि ऑइल चांगल्यातलं घाला, आणि एवढं करूनही भागलं नाही तरच कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा पंजा), डिस्क, मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोरानं ऑइलला दाब देणारा पंप) बदलायच्या भानगडीत पडा. उलट्या क्रमानं गेलात तर पैसे जातील आणि घाटात पाय परत फ्लोअरला टेकेल तो वेगळाच.

आता घाटात ब्रेकवर नक्की काय लोड येतो ते जरा आकड्यात बघूया, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. माणसं-सामान धरून दोन टन भरलेली गाडी ८० च्या स्पीडवरून पूर्ण थांबवायला साधारण ४९० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकला उष्णता म्हणून खावी लागते. तीच गाडी गगनबावड्यावरून करूळ घाटानं किंवा आंबोलीवरून सावंतवाडीकडं उतरताना ५०० मीटर उंची खाली आली असं धरा, तर ९,८०० किलोज्यूल होतात. म्हणजे ८० वरून वीस वेळा लागोपाठ थांबल्याएवढी उष्णता. यातली काही इंजिन ब्रेकिंग खातं, थोडी हवा आणि टायर खातात, पण जो भाऊ न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवत उतरतोय त्याची जवळपास सगळी ब्रेकवरच येते. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं झुकतं, त्यामुळं साधारण ६० ते ७० टक्के काम पुढचेच ब्रेक करतात, उतारावर त्याहून जास्त. शहरात राजारामपुरीतनं बिंदू चौकापर्यंत जायला कसलाही ब्रेक चालतोय, खरी परीक्षा घाटातच.

आधी रोग ओळखा

पेडल काय सांगतंय ते नीट ऐका. स्पंजसारखं मऊ लागत असेल आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल तर लाइनमध्ये एअर आहे किंवा रबरी होज फुगतोय. पाय ठेवला की हळूहळू खाली बसत जात असेल आणि बाहेर कुठं गळती दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरची सीलं गेलीत. दगडासारखं कडक लागत असेल तर व्हॅक्यूमची बोंब, म्हणजे पायाला मदत करणाऱ्या बूस्टरला ओढ मिळत नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्याच्या विरुद्ध बाजूचा कॅलिपर जाम झालाय, नाहीतर पॅडवर ग्रीस-ऑइल आलंय. पाय थरथरत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडं सारखी राहिलेली नाही.

घाटातला फेड, म्हणजे तापून ब्रेक कमी पडणं, दोन प्रकारचा असतोय आणि हे लई जण एकच समजतात. पेडल जागच्या जागी कडक आहे, पाय पूर्ण जोर लावतोय, तरी गाडी थांबेना, म्हणजे पॅड तापून त्याची पकड गेली. तिथं पॅड बदलून किंवा डिस्क मोठी करून फरक पडेल. पण पेडल अचानक मऊ होऊन खाली गेलं तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत, तिथं कितीही भारी पॅड घाला उपयोग शून्य, ऑइल बदलायला पाहिजे.

व्हॅक्यूम तपासायला कसलंही मशीन लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, कडक होईल, मग तसंच दाबून धरून स्टार्टर मारा. इंजिन चालू झालं की पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे. सरकलं नाही तर बूस्टर, त्याचा पाइप किंवा व्हॅक्यूम पंप यातलं काहीतरी गेलंय. आपल्या जुन्या डिझेल इंजिनांना पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, त्यामुळं मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही आणि म्हणून बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या मागंच व्हॅक्यूम पंप बसवलेला असतोय, त्याला इंजिन ऑइलची बारीक लाइन जाते. अल्टरनेटर कुठंतरी स्वस्तात रिपेअर करून आणला आणि त्या पंपाची पाती झिजलेलीच राहिली की लगेच ब्रेक कडक, आणि मालक मात्र डिस्क शोधत हिंडतोय. इंजिन बंद करून दोन-चार मिनिटांनी पेडल दाबा, पहिला एखादा दाब मऊ लागला पाहिजे, नाही लागला तर बूस्टरच्या पाइपातला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह व्हॅक्यूम धरत नाही. बूस्टरला मात्र व्हॅक्यूमचाच पाइप लावा, डिझेलचा किंवा पाण्याचा पाइप आतून चपटा होतोय.

आणि मागचे ड्रम. पुढच्या ब्रेकच्या लेखात मागचे ड्रम कशाला, तर मागं लायनर (ड्रमला आतून घासणारी पट्टी) आणि ड्रममध्ये गॅप जास्त झाला की पेडलचा निम्मा प्रवास तो गॅप भरण्यातच जातोय आणि दोष येतो पुढच्या डिस्कवर. चाक उचलून ॲडजस्टर फिरवा, लायनर हलका घासल्याचा आवाज येईपर्यंत, मग चाक मोकळं फिरेल एवढा मागं घ्या. एवढ्यानंच काही गाड्यांचं पेडल दीड-दोन इंच वर येतंय.

टायर कुठला आहे तेही बघा. २१५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७०३ एमएम, आणि दिसायला भारी म्हणून २३५/७५ आर १५ टाकला की ७३३. म्हणजे ब्रेक तोच, पण रस्त्यावर मिळणारा ब्रेकचा जोर चार टक्क्यांनी कमी. ३१ इंची टायर टाकणाऱ्यांनी तर हिशोबच करू नये, आणि फिरवायचं वजन वाढतंय ते आणखी वेगळं.

हात घालण्याआधी

सपाट सिमेंटची जागा पाहिजे, अंगणातल्या मातीत जॅक बसतोय. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, आणि जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, स्टँड लावायचेच लावायचे. जुन्या लायनरच्या धुळीत ॲसबेस्टॉस असू शकतंय आणि आपल्याकडं सगळे मेस्त्री एअर गननं ड्रम फुंकतात, पोरगं शेजारी उभं असतं चहाचा ग्लास घेऊन. असलं करू नका, पाण्यानं किंवा ब्रेक क्लीनरनं ओलं करून पुसा.

सामान फार नाही: रिंग पाने, व्हील पाना, सी क्लॅम्प, तारेचा ब्रश, पारदर्शक नळी आणि बाटली, जमलं तर टॉर्क रेंच. व्हर्नियर आणि डायल गेज स्वतः घ्यायची गरज नाही, उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडं दोन्ही सापडेल.

डिस्क आहेच, तिचा दम वाढवायचा

बोलेरो, स्कॉर्पिओ, क्वालिस असल्या गाड्यांना कंपनीतनंच पुढं डिस्क आहे, त्यांनी इथनं सुरुवात करायची.

चाक काढा, कॅलिपरचे बोल्ट काढा आणि कॅलिपर तारेनं स्प्रिंगला किंवा आर्मला बांधून ठेवा, होजवर लोंबकळत सोडू नका, आतला रबराचा थर फाटतोय आणि बाहेरून काही दिसत नाही. पॅड बाहेर घेऊन आतला आणि बाहेरचा शेजारी शेजारी ठेवून बघा. एक जास्त झिजलाय आणि एक जाड आहे म्हणजे स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) किंवा पिस्टन जाम. आपल्याकडं चार महिने पाऊस आणि वर लाल चिखल, त्यामुळं या पिना जाम होणं अगदी नेहमीचं. पिना काढून घासून स्वच्छ करा, रबरी बूट फाटला असेल तर बदला, आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावा. बेअरिंगचं पिवळं किंवा निळं ग्रीस लावलं की रबर फुगतंय आणि पिन परत अडकतीय, हे काम स्वस्तातलं आणि सगळ्यात जास्त चुकवलं जाणारं.

पिस्टन मागं दाबताना ब्लीडर निपल (एअर काढायची बारीक तोटी) सैल करून नळी लावा, म्हणजे कॅलिपरमधलं काळं ऑइल बाहेर पडतंय, मास्टरकडं उलटं जात नाही. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर सील किट घालून उपयोग नाही, पिस्टनसकट बदला.

डिस्कच्या कडेला किंवा हबच्या भागावर कमीत कमी जाडी कोरलेली असते, व्हर्नियर लावून बघा. त्याच्या जवळ आली असेल तर लेथवर फेस मारण्यात अर्थ नाही, नवीन घ्या, कारण पातळ डिस्क म्हणजे उष्णता साठवायला लोखंडच कमी. नवीन बसवण्याआधी हबचा तोंडाचा भाग तारेच्या ब्रशनं चकचकीत करा, तिथं गंजाचा पापुद्रा राहिला की डिस्क तिरकी बसते आणि काही दिवसांनी पाय थरथरायला लागतोय. डायल गेज लावून एक फेरा फिरवा, ०.१ एमएमपेक्षा जास्त हलायला नको, कंपनीनं त्याहून कमी दिलं असेल तर तेच धरा. नवीन डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल असतंय, ते ब्रेक क्लीनरनं पुसल्याशिवाय पॅड टेकवू नका.

भोकं पाडलेल्या डिस्कचा नाद लई जणांना असतोय. डिस्क असते ग्रे आयर्नची, कोल्हापुरात घरटी एक फाउंड्रीवाला असल्यावर हे सांगायला नको, त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळं उष्णता भराभर पसरते आणि आवाजही दबतो. पण त्याच लोखंडाला भोकं पाडली की तापून-गार होऊन भोकाच्या कडेपासनं तडे जायला सुरुवात होते. जड गाडी आणि लांब घाट असेल तर साधी, मध्ये हवा खेळणारी व्हेंटेड डिस्क सगळ्यात चांगली. कारच्या मीटमध्ये फोटो काढायचा असेल तर भोकं पाडा.

पॅड घेताना पाठीवर किंवा कडेला दोन इंग्रजी अक्षरं छापलेली दिसतील, एफएफ, जीएफ असली. पहिलं अक्षर साधारण तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. आपल्याला दुसरं अक्षर महत्त्वाचं, ते पहिल्यापेक्षा खाली यायला नको, म्हणजे जीई असला पॅड चौकात झकास लागेल आणि घाटात दगा देईल. ओरिजिनल किंवा टीव्हीएस गर्लिंग, बॉश असल्या नावाजलेल्या मेकचेच घ्या, बिल घ्या, डब्बा नीट बघून घ्या, कारण हुबेहूब दिसणारा नकली माल सगळीकडं मिळतोय.

होज. पंधरा वर्षं जुना रबरी होज बाहेरून ठीक दिसतोय पण दाबला की फुगतोय, आणि कधी आतून बंद होऊन ब्रेक सुटूच देत नाही. नवीन रबरी लावा किंवा प्रमाणित स्टीलच्या जाळीचा लावा, पेडल कडक आणि नेमकं लागतंय. लोकल बाजारात कुणीतरी दाबून दिलेला, कसलाही शिक्का नसलेला जाळीचा होज मात्र फुकट दिला तरी घेऊ नका. होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला दोन्ही बाजूला नवीन कॉपर वॉशर टाका. सगळं बसल्यावर स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडं, एकदा पूर्ण उजवीकडं फिरवून होज कुठं घासत किंवा ताणत नाही ना बघा, आणि हे चाक खाली लटकलेलं असताना आणि गाडी जमिनीवर असताना दोन्ही वेळा बघा.

ऑइल बदलताना पूर्ण सिस्टिमचं बदला. डॉट ३ नवीन असताना कमीत कमी २०५ अंशाला उकळतं, पण त्यानं पाणी ओढून घेतलं की हाच आकडा १४० वर येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणजे जुनं डॉट ४ हे नव्या डॉट ३ पेक्षा वाईट, नावाला भुलू नका, दोन वर्षांनी बदलत राहा. गगनबावडा-राधानगरी भागातला पाऊस बघता फोडलेला डबा पुढच्या वर्षीसाठी झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच ऑइल आहे, ते यात मिसळायचं नाही. आणि इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकून जरी ब्रेक ऑइलच्या टाकीत गेलं तर सगळी रबरं फुगतात, मग मास्टरपासनं व्हील सिलिंडरपर्यंत सगळं उघडावं लागतंय. रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, नाहीतर बोनेटचा रंग जाणार.

बहुतेकांचं काम इथंच होतंय. खरंच सांगतो, इथं थांबून एक घाट उतरून बघा आणि मगच पुढचं वाचा.

मोठा कॅलिपर, मोठी डिस्क

मोठ्या डिस्कचा फायदा दोन ठिकाणी. कॅलिपर सेंटरपासून जितका लांब तितकी त्याची पकड जास्त, म्हणजे पॅड जिथं धरतोय ती त्रिज्या १०५ एमएमवरून १२० झाली तर तेवढाच पाय दाबून सुमारे १४ टक्के जास्त ब्रेक मिळतोय. दुसरा, लोखंड जास्त म्हणून तापायला वेळ लागतो. तोटा असा की पुढं-मागं बॅलन्स बदलतोय आणि रिममध्ये जागा लागते.

पार्ट निवडताना सोपा नियम धरा: तुमच्याच गाडीच्या घराण्यातल्या नंतरच्या किंवा जड व्हेरियंटला कंपनीनं जे दिलंय ते शोधा. नकलवरच्या (चाकाबरोबर वळणारा ॲक्सलच्या टोकाचा भाग) कॅलिपरच्या दोन भोकांमधलं अंतर, डिस्कचा व्यास, जाडी आणि तिची आतबाहेर बसण्याची जागा, हबचं भोक, स्टडचं पीसीडी (स्टड ज्या गोलावर बसलेत त्याचा व्यास), हे सगळं दोन्हींचं मोजून कागदावर लिहा. "बसतंय ओ, ठोकून बसवू" असं काउंटरवरचा म्हणाला तर दुकान बदला. विकत घेण्याआधी तुमची रिम आणि तो कॅलिपर एकत्र बसवून बघा, रिम आणि कॅलिपरमध्ये तीन-चार एमएम तरी मोकळी जागा राहिली पाहिजे, कारण चिखल-खडी अडकते. जागा होत नाही म्हणून चाकामागं स्पेसर टाकणं म्हणजे बेअरिंगवर लोड वाढवणं.

मास्टर सिलिंडरचा हिशोब इथं येतोय. कॅलिपरचे पिस्टन मोठे झाले की जास्त ऑइल ढकलावं लागतंय, म्हणून मास्टर तोच ठेवला तर पेडल खोल जातंय. मग लोक मास्टर मोठा करतात. ७/८ इंचीच्या जागी १ इंची टाकला की पेडलचा प्रवास कमी होतो, पण तेवढाच दाब तयार करायला पायाला सुमारे ३० टक्के जास्त जोर लागतो, मग बूस्टर मोठा लागतोय. म्हणून एका गाडीचा कॅलिपर, दुसरीचा मास्टर, तिसरीचा बूस्टर अशी मिसळ करू नका, मिसळ खायला ठीक आहे. एकाच डोनर गाडीचा, म्हणजे जिचे पार्ट काढून घेतो तिचा, कॅलिपर-मास्टर-बूस्टर सेट घेतला की निम्मी डोकेदुखी संपली.

ड्रमवाल्या जीपला डिस्क

एमएम ५४० किंवा सीजे ५०० डी असल्या जीपना चारही बाजूला ड्रम. ड्रम वाईट असतो असं नाही, पण लांब उतारावर आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि ओढ्यातनं गाडी काढली की पाणी आत अडकून पुढचा काही वेळ ब्रेकच नाही. डिस्क पाणी झटकून टाकते.

या जीपच्या पुढच्या अखंड ॲक्सलवर हब काढला की स्टब (चाकाचा हब ज्यावर फिरतो तो दांडा) आणि नकलच्या मध्ये ड्रमची मागची प्लेट बोल्टांनी आवळलेली असते. ती प्लेट निघते, तिच्या जागी कॅलिपरचा ब्रॅकेट येतो आणि डिस्क हबला बसते. ऐकायला सोपं, पण सगळा जीव त्या ब्रॅकेटमध्ये आहे. ब्रेक मारल्यावर गाडीला थांबवणारा सगळा जोर त्याच तुकड्यातून जातो. म्हणून तयार, टेस्ट केलेलं किट घ्या. उद्यमनगरात चांगले हात आहेत, स्पेसर किंवा शिम (गॅप भरायची पातळ चकती) तिथं मायक्रॉनमध्ये करून मिळतील, पण दोन पट्ट्या वेल्डिंग करून केलेला ब्रॅकेट नको, आणि नकलवर तर वेल्डिंगचा रॉड टेकवूच नका. ओतीव लोखंडाला वेल्डिंग केल्यावर शेजारचा भाग ठिसूळ होतो हे कुठलाही फाउंड्रीवाला सांगेल. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे, डोक्यावर आकडा कोरलेला असतो, आणि जुने परत वापरू नका.

कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे, दोन्हीकडं सारखा गॅप, नसेल तर शिम टाकून आणा. हब उघडलाच आहे तर बेअरिंग डिझेलनं धुऊन वाळवा, खड्डे किंवा निळसर डाग दिसले तर बदला, नवीन ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या फटीत दाबून भरा आणि ऑइल सील नवीन टाका, नाहीतर तेच ग्रीस डिस्कवर उडेल. नट आवळताना हब फिरवत फिरवत आवळा, मग मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढा मागं घेऊन लॉक करा. ड्रमला बेअरिंगचा थोडा खेळ चालून जायचा, डिस्कला नाही. हब हलला की डिस्क पॅडना मागं ढकलते आणि पुढच्या वेळी पेडल खोल जातं.

डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झालाय का ते निपल बघून ओळखा. ब्लीडर निपल वरच्या टोकाला आला पाहिजे. खाली आला तर दिवसभर एअर काढत बसा, वरती अडकलेला बुडबुडा कधीच निघणार नाही.

आता मास्टर. ड्रमच्या सिस्टिममध्ये लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, साधारण १० पीएसआयचा, म्हणजे व्हील सिलिंडरची सीलं ओठ पसरून बसतात. तोच व्हॉल्व्ह डिस्कच्या लाइनवर राहिला की पॅड सुटत नाहीत, डिस्क घासत राहते, ॲव्हरेज पडतं आणि हब तापतो. डिस्कच्या लाइनवरचा तो काढावा लागतो. पण मास्टर फ्लोअरखाली, म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली किंवा त्याच उंचीला असेल तर उलटं ऑइल परत येऊ नये म्हणून डिस्कला २ पीएसआयचा लागतो. मागचा ड्रम तसाच राहणार, त्याचा १० चा तसाच ठेवा. जुना मास्टर एकाच सर्किटचा असेल तर टँडेम, म्हणजे दोन वेगळ्या लाइनींचा, घाला, एक लाइन फुटली तरी दुसरी धरेल, डिस्कपेक्षाही मोठी सुधारणा ही. डिस्कच्या बाजूची टाकी मोठी पाहिजे, पॅड झिजतात तसं ऑइल कॅलिपरमध्ये उतरत जातं.

ड्रमचे लायनर फिरत्या ड्रममुळं स्वतःच आत ओढले जातात, त्यामुळं बूस्टर नसतानाही पाय पुरायचा. डिस्कमध्ये ती ओढ नाही, सगळा जोर पायाचा. म्हणून बूस्टर नसलेल्या जीपला नुसती डिस्क लावली तर ब्रेक आधीपेक्षा कमी लागल्यासारखा वाटेल. बूस्टर आणि चालू व्हॅक्यूम पंप नसेल तर हे कन्व्हर्जन करू नका. बूस्टर आला की मागच्या ड्रमना पण जादा दाब जातो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते, त्यासाठी मागच्या लाइनवर दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावा.

एअर काढायची पद्धत

नवीन मास्टर असेल तर टेबलवर शिकंज्यात धरूनच त्याची एअर काढा आणि मग बसवा. नंतर मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत बहुतेक मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक ऑइलमध्ये बुडवलेलं. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल उघडायचा, ऑइल निघालं की बंद करायचा आणि मग "सोड" म्हणायचं, बंद व्हायच्या आत सोडलं की परत एअर आत. जुना मास्टर असेल तर पेडल पार तळाला न्यायचं नाही, खाली एक लाकडाचा तुकडा ठेवा, कारण जिथं सील कधी गेलंच नाही तिथल्या गंजावरून ते घासून फाटतंय. टाकी रिकामी होऊ देऊ नका. मागच्या ॲक्सलवर लोडप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर गाडी चाकांवर उभी ठेवूनच मागचं ब्लीड करा, लटकत्या ॲक्सलवर तो लाइन दाबून धरतोय.

पहिली चाल

गाडी हलवायच्या आधी पेडल मारून कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागं गेलेले असतात, पहिला पाय सरळ तळाला जातोय, आणि समोर भिंत असली की मग काय ते तुम्हीच बघा. इंजिन चालू ठेवून जोरात दाबून अर्धा मिनिट धरा, दुसऱ्याला प्रत्येक जॉइंटला कोरडं बोट लावून बघायला सांगा. मग चालण्याच्या वेगात दोन-चार ब्रेक.

पॅड सेट करायला हायवे नको, सुट्टीच्या दिवशी सकाळी शिरोली किंवा कागल एमआयडीसीतला मोकळा रस्ता बघा. ५० वरून १० पर्यंत मध्यम दाबानं आठ-दहा वेळा, प्रत्येक दोघांमध्ये थोडं चालवून गार होऊ द्या, आणि तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहू नका, पॅडचा ठसा उमटतो. थांबल्यावर दोन्ही डिस्कचं तापमान इन्फ्रारेड गननं बघा, डाव्या-उजव्यात मोठा फरक असेल तर एक बाजू घासतेय किंवा दुसरी लागतच नाही. घरातलं कोविडच्या वेळचं कपाळाला लावायचं थर्मामीटर इथं चालत नाही, त्याची झेप अंगाच्या तापापर्यंतच, वर्कशॉपवालं घ्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायची सवय असेल तर सोडा, तडा जातोय.

कागदाचं एवढंच, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल परवानगीशिवाय चालत नाहीत. पॅड, होज, डिस्क त्याच मापाची असेल तर तो साधा मेंटेनन्स. ड्रम काढून डिस्क करताय तर आधी आरटीओत विचारा, इन्शुरन्सला लेखी कळवा, पार्टची बिलं जपून ठेवा. १५ वर्षांनंतर रजिस्ट्रेशन रिन्यू करताना गाडी तपासणीला न्यावी लागतेच.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट परत आवळा आणि ब्रॅकेटचे बोल्ट बघा, त्यावर आधीच रंगाची एक रेघ मारून ठेवली असेल तर हलला का ते नुसतं बघून कळतंय. पहिल्या घाटाला निम्म्या लोडवर जावा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, मध्ये एकदा थांबून हबजवळ हात नेऊन दोन्ही बाजूंचा ताप सारखा आहे का बघा. हजार किलोमीटरला चाक काढून आतला पॅड मोजा, बाहेरचा दिसतोच, आतला कुणी बघत नाही आणि तोच आधी संपतो.